गिऱ्हाईक घाई लावतंय? मग थांब भावा (कोल्हापुरात नवीन आलेल्या पोरांसाठी)

आधीच सांगतो, तू पैसे घेऊन पुरुषांसोबत झोपायच्या या धंद्यात ये म्हणून हे लिहीत नाहीये आणि सोड म्हणूनही नाही. कुणाच्या डोक्यावर कर्ज असतं, कुणाला घरातनं बाहेर काढलेलं असतं, कुणाची सुरुवात मसाजच्या जाहिरातीपासनं होते आणि दुसऱ्याच दिवशी कळतं की मसाज कुणालाच नको असतो. ते तुझं तू जाण. मी आठ वर्षं केलं, आता चार वर्षं एचआयव्ही प्रकल्पाचा पीअर (आपल्यातलाच कार्यकर्ता) म्हणून फिरतो, म्हणजे पिशवीत निरोधची पाकिटं आणि तोंडात रोजची तीच टेप. वय १८ पूर्ण नसेल तर मात्र इथंच थांब आणि १०९८ ला फोन लाव, तिथं तुला कुणी गुन्हेगार ठरवत नाही, पुढचं तुझ्यासाठी नाही.

बारा वर्षांत जेवढी प्रकरणं बघितली, माझी आणि दुसऱ्यांची, त्यात एक गोष्ट सगळीकडं होती, गिऱ्हाईकाला घाई. आत्ताच ये, पटकन आवर, पैसे नंतर बघू, कंडोम शोधत बसू नको, एक पेग मार आणि सुरू कर. पोरगं नवीन असलं की त्याला वाटतं, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल. अरे जाऊ दे की. जे दहा मिनिटं थांबू शकत नाही ते आत गेल्यावर तुझं काय ऐकणार.

पहिली पायरी : फोनवर माणूस ओळखायचा

अ‍ॅपवर नुसतं चॅट करून जायचं नाही. आधी आवाज ऐकायचा, मग दहा सेकंद व्हिडीओ कॉल, चेहरा आणि मागची खोली दिसली पाहिजे. जो म्हणतो कॅमेरा खराब आहे त्याला सांगायचं, दुरुस्त झाला की बोलू. आणि याच फोनवर चार गोष्टी ठरवून टाकायच्या. किती वेळ, किती पैसे, काय करणार आणि काय नाही, आणि कंडोम. यातली कंडोमची गोष्ट पैशाच्या आधी बोलायची, कारण रेट ठरल्यावर कंडोमचा विषय काढलास की ते त्याला भाव वाढवल्यासारखं वाटतं आणि तो घासाघीस सुरू करतो. मी सरळ म्हणायचो, "माझं काम कंडोमशिवाय नाही, चालत असेल तर पुढं बोलू." बास. कारणं द्यायची नाहीत. कारण दिलंस की त्यावर त्याचं उत्तर येतं आणि तू वादात अडकतोस.

आता कोल्हापूरचं गिऱ्हाईक कसं असतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या पोरांचे सल्ले इथं चालत नाहीत. गाव एवढं लहान आहे की रंकाळ्यावर भेळ खाताना तुझ्या आत्याची शेजारीण भेटते. तेच भ्या त्यालाही असतं. बहुतेक जण लग्न झालेले, दुकान असतं, शेती असते, कुणी शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला, कुणी इचलकरंजीचा, कुणी निपाणीहून फक्त एवढ्यासाठी आलेला. यातले बरेच साधे असतात, गप्प येतात गप्प जातात. पण घाबरलेल्या माणसाचं एक लक्षात ठेव, काम होईपर्यंत तो गोड असतो, झालं की त्याला एकदम स्वतःचीच लाज वाटाय लागते आणि ती लाज तुझ्यावर निघते. शिव्या देईल, पैसे फेकेल, नाहीतर देणारच नाही. मला पहिल्या वर्षी कळायचंच नाही की आत्ता तर बरा होता, माझं काय चुकलं. काय चुकलेलं नसतं. अशा वेळी समजूत घालत बसायचं नाही, भांडायचं तर अजिबात नाही, कपडे हाताशी ठेवलेले असले पाहिजेत, घालायचे आणि निघायचं. म्हणूनच पैसे आधी.

दुसरा असतो रिपोर्टवाला. "मी टेस्ट केलीय, निगेटिव्ह आहे, हे बघ." मोबाईलवर फोटो दाखवतो. त्या कागदावरची तारीख बघ, नाव त्याचंच आहे का ते तुला कसं कळणार, आणि सगळं खरं धरलं तरी लागण झाल्यावर टेस्टमध्ये दिसायला काही आठवडे जातात, जुन्या पद्धतीच्या टेस्टला तीन महिन्यांपर्यंत. शिवाय एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे गरमी (सिफिलिस) नाही, परमा (गनोरिया) नाही असं कुठाय? रिपोर्ट बघून छान म्हणायचं आणि कंडोम बाहेर काढायचा.

तिसरा जादा पैसे देणारा. कंडोम नको, डबल देतो. हा सगळ्यात अवघड, कारण महिन्याच्या शेवटी डबल म्हणजे खोलीचं भाडं असतं. मी शहाणपण शिकवत नाही, मीही एकदा हो म्हटलेलं आहे आणि पुढचे तीन महिने झोप लागली नव्हती. एवढाच विचार कर की तो हे पैसे तुला पहिल्यांदा देत नाहीये, तुझ्या आधीच्या प्रत्येकाला त्यानं हेच विचारलेलं आहे, आणि काही जण हो म्हणालेले आहेत.

मग प्रेमात पडणारा. रोज गुड मॉर्निंग, शर्ट आणून देतो, मिसळ खायला नेतो, आणि दोन महिन्यांनी म्हणतो आपल्यात आता कंडोम कशाला आणि पैसे तरी कशाला. यावर मी जास्त बोलत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना अनुभवानंच.

दुसरी पायरी : जागा, पैसे, आणि चपला मोजणं

पहिली भेट चहाच्या टपरीवर. स्टँडजवळ, स्टेशन रोडला, कुठंही चार माणसं असतील तिथं. लांबनं आधी बघायचं की एकटाच आलाय का. गाडीचा नंबर फोटो न काढता पाठ करायचा आणि दोस्ताला मेसेज करून टाकायचा. हा दोस्त आधीच ठरलेला पाहिजे, त्याला लाईव्ह लोकेशन जातं, आणि ठरलेल्या वेळी त्याचा फोन येतो. फोनवर तू "आईला दवाखान्यात नेलं का" असं विचारलंस तर सगळं ठीक, आणि तू म्हणालास "काकांना सांग" तर तो येतो, किंवा ११२ लावतो. शब्द तुमचे तुम्ही ठरवा, पण ठरवा.

त्याच्या खोलीवर गेलास तर दारातच चपला मोज. एकटा आहे म्हणाला आणि बाहेर तीन जोड दिसले तर बूट काढायचेच नाहीत, फोन आल्यासारखं करून माघारी. ही एक सवय मला दोनदा वाचवून गेलीय. आत गेल्यावर कडी कशी उघडते ते बघून ठेव. चार्जिंगला लावलेला फोन बेडकडं तोंड करून उभा असेल तर हसत हसत पालथा करायचा. लॉजवर दोघांचं आधार मागतात आणि तुझं नाव रजिस्टरला चढतं, हे माहीत असू दे, त्यात बेकायदा काही नाही पण धाड पडली तर ते रजिस्टर पहिलं उचलतात. आणि गाडीवर बसून गावाबाहेर जायचं नाही, पन्हाळा रोड म्हणून नेतात आणि उसाच्या फडात उतरवतात, तिथं ओरडलास तरी ऐकायला कोण कोल्हं येणार?

पैसे आधी आणि रोख. गुगल पे, फोन पे केलं की बँकेतलं नाव समोर दिसतं, त्याचं तुला आणि तुझं त्याला. ज्यांना चालतं त्यांनी करावं, पण मग नंतर "घरी सांगतो" म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याच्याकडं तुझं पूर्ण नाव आहे हे धरून चाल. अशी धमकी आली तर एक रुपया द्यायचा नाही. एकदा दिलेस की दर महिन्याला हप्ता. स्क्रीनशॉट ठेव, नंबर ब्लॉक करायच्या आधी मेसेज जपून ठेव. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३०८ त्याचंच आहे, आणि ऑनलाईन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार. आणि साध्या वेशातला कुणी पोलीस म्हणून एटीएमकडं चल म्हणाला तर ओळखपत्र मागायचं आणि म्हणायचं, साहेब चौकीतच जाऊया. खोटा असेल तर तिथंच पातळ होतो.

तिसरी पायरी : कंडोम, पण नीट

कंडोम सगळ्यांना माहीत असतो आणि निम्म्यांना वापरता येत नाही. गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, एप्रिलमध्ये आपल्याकडं ती डिकी म्हणजे तवा असतो, रबर खराब होतं. पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलाही नाही. तारीख बघ, पाकीट दाबून आत हवा आहे का बघ, दातानं फोडू नको. एकावर एक दोन घालायचे नाहीत, घासून दोन्ही फाटतात. तेल हा सगळ्यात मोठा घोटाळा. खोबरेल, व्हॅसलिन, बॉडी लोशन, जे हाताला लागेल ते लावतात आणि लेटेक्सचा कंडोम तेलानं काही मिनिटांत कमकुवत होतो. पाण्याचं जेल घ्यायचं, मेडिकलला मिळतं, प्रकल्पाच्या पोरांकडं कधी कधी फुकट मिळतं. मागून करताना जेल ही चैन नाही, आतली कातडी नाजूक असते, कोरडं असलं की चिरते आणि तिथनंच एचआयव्ही सगळ्यात सोप्पा शिरतो, घेणाऱ्याला धोका जास्त पण करणाऱ्यालाही आहेच.

कंडोम तूच तुझ्या हातानं चढवायचा. त्यात दोन फायदे, नीट बसतो आणि बसलाय हे तुला माहीत असतं. काही जण मधेच काढून टाकतात, गुपचूप. म्हणून पोझिशन बदलली की हात लावून बघायचं, लाजायचं नाही. काढलेला सापडला तर काम तिथंच बंद, पैसे परत नाहीत.

तोंडानं करताना एचआयव्हीचा धोका खूप कमी असतो हे खरं, पण गरमी आणि परमा घशातनं आरामात पसरतात. जायच्या आधी जोरात ब्रश करू नको, हिरड्यातनं रक्त येतं, नुसती चूळ भर. आणि आत साबण, डेटॉल, लिंबू असलं काही घालून धुणारी पोरं मी बघितलीत. भावा, ते जंतू मारत नाही, तुझी कातडी मारतं.

चौथी पायरी : दारू आणि गोळ्या

थोडक्यात सांगतो. बाटली तुझ्यासमोर फुटली असेल तरच, थम्सअप असली तरी, आणि उठून बाथरूमला गेलास तर परत आल्यावर तो ग्लास प्यायचा नाही. ताकदीची गोळी, ती सिल्डेनाफिलवाली, चिठ्ठीशिवाय खातात, आणि वर कुणी हुंगायची बाटली, पॉपर्स, पुढं करतो. या दोन्ही एकत्र घेतल्या तर बीपी एकदम खाली जातं आणि माणूस जिवानं जाऊ शकतो. गिऱ्हाईक वयस्क असेल आणि छातीत दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यावर ताकदीची गोळी घेतली तरी हेच होतं, खोलीत कुणी गेलं तर पुढचं सगळं तुझ्या गळ्यात येतं, म्हणून विचारून घे.

पाचवी पायरी : फाटला, काढला, जबरदस्ती झाली

आतापर्यंत थांब थांब म्हणत आलो, इथं मात्र तू घाई करायची. ७२ तास. एचआयव्ही अंगात मुरायच्या आत अडवायची औषधं असतात, पेप म्हणतात, ती ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच उपयोग, आणि पहिल्या काही तासांत झाली तर सगळ्यात चांगलं. २८ दिवस रोज घ्यायची, मधे सोडायची नाही. शनिवारी रात्री झालं आणि सोमवारी बघू म्हणून बसला तर निम्मे तास घरीच गेले.

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, अपघात विभाग रात्रभर चालू असतो. दारावर सगळी कहाणी सांगायची गरज नाही, डॉक्टरला सांग की एचआयव्हीचा धोका झालाय, इतके तास झालेत, पेप पाहिजे. जबरदस्ती झाली असेल तर ते स्पष्ट सांग, तपासणी आणि औषध मिळणं हा तुझा हक्क आहे. नुसता कंडोम फाटलाय म्हटल्यावर सरकारी दवाखान्यात कधी कधी टोलवाटोलवी होते, मला एकदा एका ठिकाणी तासभर बाकड्यावर बसवून वर कीर्तन ऐकवलं होतं. तसं झालं तर भांडण्यात तास घालवू नको, खाजगी एमडी डॉक्टरकडनं लिहून घे, मोठ्या मेडिकलमध्ये औषध विकत मिळतं. सुरुवातीला एक रक्त तपासणी, नंतर दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. कुठं जायचं सुचत नसेल तर १०९७, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव विचारत नाहीत.

कायद्याचं एक कडू सांगतो. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधनं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, आपण पेढे वाटले. पण पुरुषावर जबरदस्ती झाली तर त्याच ३७७ खाली तक्रार व्हायची, आणि १ जुलै २०२४ पासनं जी नवी न्याय संहिता आली तिच्यात ते कलमच नाही, बलात्काराचं कलम फक्त बाईसाठी आहे. म्हणजे तक्रार होत नाही असं नाही, मारहाण, कोंडून ठेवणं, लूट, धमकी ही सगळी कलमं लागतात, त्यासाठी जखमांची दवाखान्यातली नोंद लागते. म्हणून औषधासोबत कागदही घेऊन ये. वकील परवडत नसेल तर १५१०० वर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते.

सहावी पायरी : काही होत नसतानाच तपासणी

दर तीन महिन्यांनी. एचआयव्ही आणि गरमी, दोन्ही एकाच वेळी. सीपीआरमधल्या आयसीटीसीत (सल्ला आणि तपासणी केंद्रात) एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो, तुझी संमती लागते आणि काही अपवाद सोडले तर तुला न विचारता रिपोर्ट दुसऱ्याला सांगायला कायद्यानं बंदी आहे, २०१७ चा एचआयव्ही कायदा त्यासाठीच आहे. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून जात नाहीत पोरं. त्या गर्दीत कोण कशाला आलंय कुणाला कळत नाही, निम्मं कोल्हापूर तिथं रांगेत असतं.

लक्षणांची वाट बघू नको कारण बरेचदा ती नसतातच. गरमीची पहिली जखम दुखत नाही, मागच्या बाजूला किंवा तोंडात असेल तर दिसतही नाही, काही आठवड्यांत आपोआप भरून येते आणि पोरगं म्हणतं बरं झालं. बरं झालेलं नसतं, पुढं तळहातावर, तळपायावर पुरळ येतं, आणि तसंच सोडलं तर वर्षांनी डोळे, मेंदू, हृदय. आणि इलाज काय, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन, सुरुवातीलाच कळलं तर बहुतेकदा एकच. परम्यात पुढनं पू येतो, जळजळ होते, ते कळतं, पण घशातला आणि मागचा बहुतेकदा गप्प असतो. म्हणून गुप्तरोग विभागात डॉक्टरला सांगायचं की माझे संबंध पुरुषांशी आहेत, तोंडानं आणि मागूनही आहेत, नाहीतर तो फक्त पुढचंच बघून पाठवतो. पहिल्यांदा बोलताना घशाला कोरड पडते, दुसऱ्यांदा नाही.

मेडिकलवाल्याला सांगून गोळ्या घ्यायच्या नाहीत. अर्धा कोर्स, चुकीची गोळी, लक्षण दबतं आणि रोग राहतो. आणि नेहमीचा जोडीदार असेल, बायको असेल, तर तिचीही तपासणी, नाहीतर तू बरा होऊन परत तिच्याकडनं घेशील.

हिपॅटायटिस बी ची लस घे, तीन डोस, आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात. एकदाच करायचं काम आहे आणि कुणी करत नाही.

प्रेप म्हणून गोळी आहे, एचआयव्ही नसलेल्यानं आधीपासनं रोज घ्यायची, लागण अडवते. खाजगीत डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. सुरू करायच्या आधी एचआयव्ही टेस्ट, किडनी आणि हिपॅटायटिस बी बघावं लागतं, म्हणून मित्राच्या डबीतली उचलून खाऊ नको. ती गरमी-परम्याला अडवत नाही, कंडोम चालूच.

आणि पॉझिटिव्ह आलं तर? आलं तर एआरटी (एचआयव्हीच्या औषधांचं) सेंटर, औषधं फुकट, २०१७ पासनं सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा) किती का असेना, लगेच सुरू करतात. रोज एक गोळी बहुतेकांना. नीट घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की संबंधातनं दुसऱ्याला लागण होत नाही. माझे दोन दोस्त दहा-दहा वर्षं गोळी खातायत, एकाचं पोट सुटलंय एवढाच फरक.

सातवी पायरी : पोलीस

खाजगी जागेत दोन सज्ञान माणसांनी पैसे घेऊन काही केलं तर एवढ्यावर गुन्हा होत नाही. पण १९५६ चा पिटा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक) कायदा आहे, १९८६ च्या दुरुस्तीनं तो पुरुषांनाही लागू झाला. रस्त्यावर उभं राहून बोलावणं कलम ८, त्यात पुरुषाला ७ दिवस ते ३ महिने अशी वेगळी शिक्षाच लिहिलीय. कलम ७ म्हणतं देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासनं २०० मीटरच्या आत नाही. आता कोल्हापुरात २०० मीटरवर देऊळ नाही अशी जागा कुणी दाखवली तर मी त्याला तांबडा-पांढरा खायला घालतो. कंडोम सापडले म्हणून घाबरायचं नाही, १९ मे २०२२ च्या आदेशात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंडोम हा गुन्ह्याचा पुरावा धरायचा नाही. वाद घालू नको, फक्त एवढं सांग आणि ओळखीच्या प्रकल्पाला किंवा वकिलाला फोन लाव. शेजारी सांगलीत संग्राम आणि व्हॅम्प या संघटनांनी नव्वदच्या दशकापासनं धंदा करणाऱ्यांच्या हक्कांचं हेच काम केलंय, पुरुष आणि तृतीयपंथी पोरांचा मुस्कानसुद्धा तिकडचाच, त्यांच्याकडनं आपण बरंच शिकलो.

शेवटची पायरी : घरी आल्यावर

दोस्ताला "पोहोचलो" चा मेसेज. मग वहीत दोन ओळी. त्याचं नाव नाही, गाव नाही, फक्त कामाचं. अंदाजे वय, गाडीचा रंग, बोलण्याची लकब, आणि काय केलं. आमच्या पाच-सहा जणांत अशी यादी फिरते. "काळी बुलेट, उजव्या हाताला कडं, कंडोम मधे काढतो." "रात्री अकरानंतर फोन करतो, एकटा म्हणतो, दोघं असतात." हे आपल्यातच ठेवायचं, ग्रुपवर फोटो टाकून त्याची अब्रू काढायची नाही, उद्या त्याच्या घरी काही बरंवाईट झालं तर ते आपल्याला नको आहे आणि केसही आपल्यावरच होईल. चांगल्यांचंही लिहितो आम्ही. एक मास्तर आहेत, कंडोम स्वतः आणतात, जाताना पाणी विचारतात, त्यांच्या ओळीपुढं नुसता फुलीच्या जागी टिळा काढलाय.